सरपंचांची झोप

आमच्या सरपंचांचं एक वाक्य मी साडेअकराला सुरू झालेलं ऐकलं आणि बारा वाजून पाच मिनिटांनी संपलेलं ऐकलं. मधली पस्तीस मिनिटं सरपंच झोपले होते. "मी त असं म्हणतो का," एवढं म्हणून त्यांची हनुवटी छातीला टेकली. मग नालीवरून बिसन आणि नत्थू हमरीतुमरीवर आले, दोघांचेही पूर्वज बाहेर निघाले, चौघांनी दोघांना धरलं, शेवटी दोघेही दमले आणि सभा गप्प झाली. तेव्हा सरपंचांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "नाली दोघाच्याई दारातून नको, मधातून काढा." नाली तशीच काढली गेली. आजही तिथूनच वाहते, म्हणजे तुंबली नसली तर.

हे आमचे डोमाजीभाऊ. पांढरी टोपी, खादीचा ढगळ सदरा, आणि डोळे असे की जागेपणीही अर्धेच उघडे. मी या गावचा मास्तर. गाव सानगडीच्या बाजारापासून सायकलनं अर्ध्या तासावर, तलावाच्या पाळीखाली. सगळी नोकरी याच शाळेत काढली आणि वर्गात डुलकी काढणाऱ्या दोन पिढ्यांना नेम धरून खडू मारले. त्यामुळे खोटं कशाला बोलू, डोमाजीभाऊंचा मला रागच यायचा. माणसानं झोपावं, पण इतकं उघड्यावर? तेही खुर्चीत बसून, गळ्यात हार असताना?

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ते नुकतेच पहिल्यांदा सरपंच झाले होते. पारावर चर्चा रंगली होती. कोणतं गाव कुठं गेलं, कोणाच्या सोयऱ्याचा जिल्हा बदलला, कोणाला आता कोर्टकचेरीसाठी उलटं जावं लागणार. डोमाजीभाऊ टेकून झोपलेले. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडून विचारलं, "आपण कोनत्या जिल्ह्यात हावो?"

"भंडाऱ्यातच हावो, भाऊ."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि घरी जेवायला गेले.

मधे दोनदा आरक्षणामुळे खुर्ची दुसऱ्याकडे गेली, तरी लोक सरपंच यांनाच म्हणत राहिले. त्याचं कारण तलाव. दुसऱ्या गावांत तलावाचं पाणी सोडलं की आधी पाळीजवळच्या धानाच्या बांध्या भरतात आणि शेवटच्या वावरापर्यंत नुसता चिखल पोचतो. डोमाजीभाऊंनी उलटा नेम घातला. पाणी आधी अगदी शेवटच्या वावराला द्यायचं, मग मागं मागं येत पाळीजवळ. त्यांचं स्वतःचं वावर पाळीला लागून, म्हणजे त्यांचा नंबर सगळ्यांच्या मागून. असा माणूस झोपला तरी लोक त्याला उठवत नाहीत, सावलीला सरकवतात.

पण गेल्या तीन वर्षांत मात्र हद्द झाली. पूर्वी डुलकी असायची, आता गाढ झोप लागायला लागली. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या पहिल्या रांगेत, खलनायक गडगडाटी हसत असताना झोप. लग्नाच्या वरातीत बँडच्या ढोलाला खेटून झोप. बसस्टँडवर झोप, आठवडी बाजारात भांडेवालीच्या दुकानाशेजारी झोप. एकदा चिंचेखाली दुपारची सभा चालली होती. तलावावरून गार वारा येत होता, कमळाची पानं पालथी होत होती, माणसं कशावरून तरी बोलत होती आणि डोमाजीभाऊ मधोमध इतके निवांत झोपले होते की मला वाटलं, आपण सगळे त्यांच्या स्वप्नातच भांडतोय. ते उठले की आपण नसू. मग नत्थूनं मला कोपर मारलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमचाई डोळा लागला होता." साफ खोटं. मी विचार करत होतो.

धानाची कापणी आटोपली आणि निवडणूक लागली. डोमाजीभाऊंनी अर्ज भरला. समोर छाया उभी राहिली. ही विहाराजवळच्या गल्लीतली, माझीच विद्यार्थिनी, पदवीपर्यंत शिकलेली, बचत गट चालवणारी. तिला कधी खडू मारावा लागला नाही. आणि मग बिसननं पंधरा ऑगस्टला मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ गावभर पाठवला. त्यात डोमाजीभाऊ झेंड्याखाली खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं, आणि टोपीवर एक कावळा विचार करत बसलेला. सायंकाळपर्यंत तो व्हिडिओ साकोलीला माझ्या जावयानं पाहिला आणि मला फोन केला, "मामाजी, हा तुमचा सरपंच काय जी?"

त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. आयुष्यात कधी डॉक्टरकडे न गेलेले लोक मेंदूच्या नसांवर बोलायला लागले.

"साठी बुद्धी नाठी म्हणते ते काही खोटं नाही," बिसन म्हणाला.

"साठी होऊन कित्तीक वर्सं झाले. बुद्धी गेली असती त मागंच गेली असती," नत्थू म्हणाला.

"अबे, पण झोपलेला मानूस गाव कसा चालवन?"

"जागे राहून खाणारे कमी पाह्यले काय तुनं? हा झोपते, पन खात त नाही!"

 बिसननं चहा अर्धा सोडला.

नत्थू हा डोमाजीभाऊंचा प्रचारप्रमुख. स्वतःच झाला होता, कोणी केलं नव्हतं. तो भाऊंना साकोलीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, तपासण्या केल्या आणि प्रमाणपत्र आणलं. मग उत्साहाच्या भरात ते जसंच्या तसं पत्रकावर छापलं. 'रक्तदाब योग्य. साखर योग्य. स्मरणशक्ती उत्तम. झोप उत्तम.' शेवटच्या दोन शब्दांवर सारं गाव दोन दिवस हसलं. छायाच तेवढी हसली नाही. उलट तिनं बिसनला बोलावून सांगितलं, "भाऊ, तो व्हिडिओ काढून टाका. मले पाण्याच्या टाकीवर मत मांगायचं हाय, म्हाताऱ्याच्या झोपेवर नाही."

मग प्रचाराची शेवटची सभा झाली. चिंचेला दोन भोंगे बांधलेले, गाणी अशी लावलेली की तलावावरची बदकं उठून गेली. नत्थू भाऊंच्या खुर्चीमागे टाचणी घेऊन बसला होता. तयारी म्हणून दुपारपासून पाच चहा पाजले होते. पण भोंगा सुरू झाला, माणसं बोलायला लागली, लेकरं ओरडायला लागली आणि भाऊंची मान खाली गेली. नत्थूनं टाचणी टोचली. काही नाही. पुन्हा टोचली. भाऊ झोपेतच सरकून बसले. लोक खिदळायला लागले. दहा मोबाइल वर झाले.

तेवढ्यात वीज गेली. भोंगे गप्प झाले, त्याबरोबर लोकही गप्प झाले. आणि डोमाजीभाऊ ताडकन जागे झाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ उठले आणि भोंग्याशिवायच चांगलं बोलले. पाणी, शाळा, रस्ता, सगळं नीट. पण मी पहिल्या रांगेत होतो. जागं होतानाचा त्यांचा चेहरा मी पाहिला. अंगाई म्हणणारी आई मधेच उठून गेली की पाळण्यातलं लेकरू दचकतं ना, तसा तो चेहरा झाला होता. माणूस नुसता घाबरलेला. सगळा जन्म झोपणाऱ्यांवर नजर ठेवण्यात गेला माझा, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. हा माणूस गलक्यात झोपतो आणि शांतता झाली की उठतो. ठराव झाला की बरोब्बर जागे होतात, असं आम्ही म्हणायचो. ठरावाचा संबंधच नव्हता. सभा गप्प व्हायची, म्हणून डोळे उघडायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. खरं म्हणजे जाब विचारायलाच गेलो होतो. अंगण झाडलेलं, दार लोटलेलं. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी नागपूरला दिलेली. कौतिकावहिनी जाऊन तीन वर्षं झाली होती. भाऊ खाटेवर बसले होते, डोळे टक्क उघडे. इतके उघडे डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. लाल झालेले होते.

"बसा मास्तर. आयकू येते काय काही?"

मी कान दिला. "नाही."

"तेच त."

मी खाटेच्या कडेला टेकलो. मग ते बोलायला लागले.

"तुमची वहिनी बोलत राहे जी मास्तर. सैपाक करता करता, भांडे घासता घासता. कोनाची गाय व्याली, कोनाची सून रुसली. मी हू म्हनो आन् झोपून जावो. चाळीस-पंचेचाळीस वर्सं तसाच झोपलो. आता या घरात पाठ टेकवली का डोळे फाटतेत. रेडू लावून पाह्यला, टीव्ही लावून पाह्यला. तो साऱ्या दुनियेले सांगून राहते, मले थोडीच सांगते? मानसं जवळ बसून भांडत असले का मंग लागते डोळा. वाटते, घरात कोनी हाय."

 तरी मी मास्तरच. विचारलं, "मग इलेक्शनले कायले उभे झाले, भाऊ? या वयात?"

"सरपंच नसलो त मले सभेत कोन बोलावन?" ते म्हणाले. मग खाली पाहून हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नका. लोक म्हनतीन, म्हातारा झोपाले खुर्ची मांगून राहिला. आन् मास्तर, खरं सांगू, तेच मांगून राहिलो."

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच रांगेत उभा राहिलो. रात्रभर विचार करून ठरवलं होतं. गावाची टाकी तीन वर्षं अर्धवट पडली होती, शाळेची भिंत एका बाजूनं बसली होती. माणूस सोन्यासारखा, पण कागद वाचणारा, तहसीलला चार चकरा मारणारा माणूस गावाला हवा होता. मी मत छायाला दिलं. घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

डोमाजीभाऊ पडले. गुलाल उधळला गेला, पण त्यांच्या दारावरून मिरवणूक नेताना छायानं बाजा थांबवला नाही. लोकांना ते खटकलं. मला नाही खटकलं, कारण निकालाच्या आदल्या दिवशीच मी शब्द मोडला होता. भाऊंनी कोणाला सांगू नका म्हटलेलं मी छायाला सांगून बसलो होतो. सांगून झाल्यावर म्हणालो, "आणि कोणाला सांगू नको." आमच्या गावात या वाक्याचा काय उपयोग होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर भाऊ दिसेनासे झाले. पारावर नाहीत, बाजारात नाहीत. लाजले होते. म्हाताऱ्या माणसाला हरल्याची लाज वाटते, ती पोरांच्या लाजेपेक्षा वाईट. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आली. मी म्हटलं, मी घेऊन येतो त्यांना. छाया म्हणाली, "तुमी नका जाऊ गुरुजी. तुमी नेलं त ते दया समजतीन. मी जाते." आणि ही नवी सरपंच, साडी खोचून, त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "मोठेबाबा, शेवटच्या वावरापासून पाणी कसं घ्याचं ते मले समजून नाही राहिलं. तुमी नसले त लोक मले उभं कापतीन. चला."

भाऊ आले. धुतलेली टोपी घालून, मागच्या रांगेत, कोणाकडे न पाहता बसले. पाण्याच्या नंबरावरून गरमागरमी झाली. छायानं विचारलं, भाऊंनी दोन वाक्यांत सांगितलं. दोन्ही वाक्यं पूर्ण, मधे झोप नाही. लोक पुन्हा भांडायला लागले आणि मी मागं वळून पाहिलं. टोपी हळूहळू खाली चालली होती. पांढऱ्या मिशा श्वासासरशी हलत होत्या. थंडीचं कोवळं ऊन चिंचेतून त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

शेवटचा विषय शाळेच्या भिंतीचा होता. ठराव मीच मांडला होता. सगळ्यांनी हात वर केले. सगळं कबूल. बोलायला काही उरलं नाही, सभा शांत व्हायला लागली आणि भाऊंच्या पापण्या थरथरल्या.

छायानं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमाले हे मंजूर हाय?"

मी उठलो. "अजिबात नाही!" म्हणून ओरडलो. सगळा जन्म पोरांना 'गप्प बसा' म्हणण्यात घालवलेला माणूस मी, पण त्या दिवशी स्वतःच्याच ठरावाविरुद्ध असा तावातावानं बोललो की नत्थू उठून म्हणाला, "मास्तर, तुमीच भ्रमिष्ट झाले काय?" बिसननं एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि बाह्या वर करून उठला. "मास्तर बराबर बोलून राहिले! भिंत कायले पाह्यजे? सांग ना बे नत्थ्या, कायले पाह्यजे?" नत्थूला खरंच राग आला. मग बाया उठल्या, मग सारंच गाव उठलं. भिंत हवी की नको, विटांची की दगडाची, उजवीकडून की डावीकडून, ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता.

मागच्या रांगेत भाऊंचा खालचा ओठ सैल सुटला.

ऊन पायापर्यंत उतरलं तरी सभा चालूच होती. माझा घसा बसला होता. बिसनही दमून खाली टेकला, तेव्हा त्याची बायको तांब्या घेऊन आली. त्याला पाणी पाजलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बोला जी. थांबू नका."