मास्कची अठरा पंक्चरं

धाकट्याने ठरवलं ते एवढंच, की कपाटावरचा खोका खाली काढायचा. त्यापायी आपली मिशी जाईल, पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनची नवीकोरी ट्यूब संपेल आणि मशीनवाल्या मॅडम आपले खिसे तपासतील, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर तो स्टुलावर चढलाच नसता.

धाकटा म्हणजे टायरच्या दुकानातला धाकटा. थोरला आणि धाकटा असे दोघे भाऊ मोठ्या रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायचे. गिऱ्हाइकांना त्यांची नावं कधी लागलीच नाहीत. जॅक लावायला थोरला, हवा भरायला धाकटा. दोन महिन्यांपूर्वी थोरला झोपेतच गेला. गिऱ्हाइकं अजूनही "ए धाकट्या" अशीच हाक मारतात आणि तो ओ देतो. (कुणाचा धाकटा, असं कुणी विचारत नाही, ते बरंच आहे. विचारलं तर तो हातातला पाना टाकून रडत बसेल आणि गाडी जॅकवरच राहील.)

घोरणं हे त्या घरातलं जुनं बिऱ्हाड. दोघा भावांच्या खोल्यांमध्ये भिंत होती, ती नावाला. शेवटी डॉक्टरांनी थोरल्याला सांगितलं, झोपेत तुझा घसा मिटतो, श्वास अडतो, हवेचं मशीन लावून झोपत जा. थोरल्याने शहाण्यासारखं मशीन आणलं. पलंगावर मांडी घालून बसला, तोंडावर मास्क चढवला, नळी जोडली, बटण दाबलं. वहिनी कौतुकाने बघत होती. आणि धाकटा दारात येऊन इतका हसला, इतका हसला, की त्याला उंबऱ्यावरच बसावं लागलं.

"दादा, किती पौंड भरू? मागच्या चाकाला जास्त लागेल हं!"

थोरलाही हसला. हसताना मास्क सरकला, हवा डोळ्यांत गेली. त्याने मास्क काढून ठेवला. "उद्या बघू," म्हणाला. खोका कपाटावर गेला. पुढे पाच महिने रोज 'उद्या' होता. मग एका सकाळी तोही संपला.

तेव्हापासून आई झोपलेली नाही. धाकटा कुठेही आडवा झाला, की ती त्याच्या उशाशी येऊन बसते. दुपारी दुकान दोन तास बंद असतं, तेव्हा तो घरी येऊन डोळे मिटतो. एकदा दचकून जागा झाला, तर नाकाखाली तळहात. कांद्याचा वास येणारा.

"आई! काय करतेस?"

"श्वास बघतेय."

"मी जिवंत आहे."

"ते मला कळू दे की."

तो रागावला, ओरडला, पाठ करून झोपला. तर हात पाठीवरून वळून पुन्हा नाकाखाली आला. त्या दुपारी त्याने आईकडे नीट बघितलं. डोळे आत गेलेले, बसल्या बसल्या मान पडत होती, पडली की दचकून वर. ही बाई अशीच बसून राहिली, तर दुसरंही माणूस हातचं जाईल, एवढं त्याला शाळा अर्ध्यात सुटली असली तरी कळत होतं. तो तडक उठला आणि स्टूल ओढलं.

"भावजी, तसंच लावायचं नसतं ते," वहिनी दारातून म्हणाली. ती हल्ली बोलते ते कामापुरतं. "आधी तपासणी. मग मशीनवाल्या मॅडमकडे. यांचं मशीन तुम्हाला चालेल, पण हवा तुमच्या मापाची लागेल."

तपासणी झाली. अंगभर वायरी लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं, तासाला एकतीस वेळा श्वास अडतो. धाकटा म्हणाला, "मला तर एकदाही कळलं नाही." डॉक्टर म्हणाले, "तोच तर त्रास आहे."

मशीनवाल्या मॅडमचं दुकान काचेचं, स्वच्छ. धाकटा हात धुऊन गेला होता, तरी खुर्चीवर टेकताना त्याने आधी पँट झटकली. मॅडमनी मशीन चालू केलं, पडद्यावर बोट फिरवलं.

"हे वापरलेलं दिसतंय. फार नाही. एकूण बावीस मिनिटं."

धाकट्याने मनातल्या मनात हिशेब केला. बटण दाबल्यापासून दादाने मास्क काढून ठेवेपर्यंत बावीस मिनिटं. मशीनने ती मोजून ठेवली होती.

"पुसून टाकू का? तुमचं शून्यापासून सुरू करू."

"नको," तो एकदम मोठ्याने म्हणाला. "राहू द्या. त्याच्यावरच माझं चढवा."

मॅडमनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पडद्यावरून बोट उचललं. मग तीन मास्क मांडले. पहिला नाकपुड्यांत बसणारा. ("हे तर नुसते व्हॉल्व्हच झाले की.") दुसरा फक्त नाकावरचा. तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा.

"तोंड उघडं टाकून झोपता?"

"झोपल्यावर मी नसतो बघायला."

"हाच घ्या, मोठा. आणि मिशी काढा. तिच्यातून हवा गळेल."

"मिशीचं बोलायचं नाही, मॅडम."

दोघा भावांची मिशी एकसारखी होती, झुबकेदार. सकाळी अर्धवट उजेडात तोंड धुताना धाकटा आरशात बघायचा, तेव्हा क्षणभर आरशात दादा असायचा. त्या क्षणासाठीच तो हल्ली दिवा लावायचा नाही. हे मॅडमना कसं सांगणार? तो नुसता मिशीवर हात ठेवून बसला.

"बरं. हवा आठवर ठेवते."

"आठ? अहो, ट्रकला मी शंभर पौंड भरतो. आठात सायकल चालत नाही."

"हे आठ वेगळे. पाण्याचे आठ सेंटिमीटर. एवढंसं." त्यांनी बोटांनी दाखवलं. "फुंकर समजा."

"फुंकरीवर माणूस जगतो?"

"तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या, आणि पुढे बरंच समजावलं. मास्क कसा धुवायचा, पट्टे किती ओढायचे, पहिले काही दिवस दिवसा बसून तासभर सवय करायची. समोरच्या भोकांबद्दलही त्यांनी सांगितलं म्हणे. पण धाकटा तेव्हा दुकानात नव्हताच. तो बावीस मिनिटांत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सवयीला सुरुवात केली. बटण दाबलं, आणि कान टवकारले. सूं... सूं...

पंक्चरवाल्यापुढे हवा गळणं म्हणजे आईपुढे मूल रडणं. कानाआड करताच येत नाही. थोरल्याने त्याला कामाला लावलं त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: पाण्यात एक बुडबुडा दिसला, तरी चाक गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, त्यावर कुणाची तरी पोरंबाळं बसणार असतात. धाकट्याने घमेल्यात पाणी घेतलं, मास्कची तोंडाकडची बाजू तळहाताने दाबून धरली आणि मास्क हलकेच बुडवला. बुडबुडे! एक नाही, दोन नाही, समोर गोलाकार अठरा भोकं, आणि अठराच्या अठरा बुडबुडत होती.

"बघ आई, फसवलं! अठरा ठिकाणी पंक्चर माल गळ्यात मारला!"

"मग परत करून ये."

"परत कशाला? घरात दुकानदार असताना?"

त्याने मास्क पुसला, पॉलिश पेपरने हळूच घासला, सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळवलं (पुरतं वाळू दिलं नाही, धीर कुठला), आणि अठराही भोकांवर मिळून एक सुरेख गोल पॅच बसवला. काठाला मिशीजवळ थोडी फट वाटत होती, तिथंही बोटभर सोल्यूशन फिरवलं. पुन्हा पाण्यात धरला. एक बुडबुडा नाही. इतकं साफ काम त्याने दोन महिन्यांत केलं नव्हतं. दादा बघायला हवा होता, असं मनात आलं, आणि तो घाईघाईने मास्क चढवून पलंगावर पडला.

"आता झोप, आई. आता मला काही होत नाही."

पहिली दोन मिनिटं बरं वाटलं. मग गरम व्हायला लागलं. मग सोल्यूशनचा वास डोक्यात चढला. मग आपण एका मोठ्या ट्यूबच्या आत बसलोय आणि बाहेरून कुणी तरी व्हॉल्व्हला टोपण लावतंय, असं वाटायला लागलं. त्याने मास्क ओढला. मास्क येईना. मिशी सोल्यूशनमध्ये पक्की बसली होती. पट्ट्याची कडी शोधताना नळी गळ्याभोवती आली. त्याने पाय झाडले, घमेलं उलटलं, आणि आईने जी किंकाळी फोडली, ती ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. तिने एक गुडघा पलंगावर टेकला, दोन्ही हातांनी मास्क धरला आणि हिसडा मारला.

मास्क निघाला. उजवी मिशी त्याच्यासोबत गेली.

"आई गं!" धाकटा कळवळला आणि मग त्याने छाती भरून श्वास घेतला. आई त्याच्या अंगावर पडून रडत होती. वहिनी मास्क हातात धरून उभी होती. मास्कला अर्धी मिशी लोंबत होती. कुणालाही हसू यावं असं ते चित्र होतं, पण वहिनी त्या मिशीकडे बघतही नव्हती.

"भावजी, हे गेले त्या रात्री मला कित्येक वर्षांनी शांत झोप लागली होती," ती म्हणाली. "घोरणं मध्येच थांबलं ना. मला वाटलं, बरं झालं. मी कूस बदलून झोपले. सकाळी छान वाटत होतं मला."

दोन महिन्यांत ती हे कुणापाशीच बोलली नव्हती.

 धाकटा म्हणाला, "वहिनी, मी हसलो होतो. म्हणून त्याने काढून ठेवलं."

"तेही हसले होते हो. तुमच्या हसण्याने नाही काढलं त्यांनी. त्यांना ते नकोच होतं." तिने डोळे पुसले. मग मास्क उलटासुलटा करून बघितला. "आणि ही भोकं का बुजवलीत?"

"गळत होती."

वहिनीने मॅडमना फोन लावला. फोनमधला आवाज अख्ख्या घराला ऐकू गेला.

"बुजवली? अहो, ती आत घेतलेला श्वास बाहेर सोडायला असतात! स्वतःचीच शिळी हवा पुन्हा पुन्हा ओढत होते ते! बाहेर गेलंच नाही, तर आत नवं येणार कुठून?"

 बारा वर्षं धाकट्याने हवा अडवण्याचंच काम केलं होतं. काही हवा जाऊ द्यायची असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. (मॅडमनी शिकवलं होतं. पण ते झालंच.)

उरलेली अर्धी मिशी त्याने संध्याकाळी स्वतःच काढली. दिवा लावून काढली. आरशात कुणी मोठं माणूस नव्हतं, नाकाखाली लाल चट्टा पडलेलं एक पोर होतं. आईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझा धाकटाच आहेस रे तू," ती म्हणाली. मॅडमकडून आणलेला नवा मास्क मात्र त्या तोंडावर झाकणासारखा बसला. मॅडमचं खरं निघालं.

सुट्टीच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर लगेच तो पलंगावर पडला. मास्क लावला. भोकांतून हवा सूं सूं जात होती. त्याने मन घट्ट करून ती जाऊ दिली. आई शेजारी चटईवर बसली होती.

"आई, पड जरा. आता हे मशीन बघतंय माझ्याकडे." मास्कमधून ते घमेल्यात तोंड घालून बोलल्यासारखं आलं, पण तिला कळलं. ती आडवी झाली. एक हात पलंगाच्या पायाला धरून ठेवला. हळूहळू तो हात सुटला.

आणि आई घोरायला लागली.

धाकटा थक्क होऊन ऐकत राहिला. थोरल्याचं घोरणं त्यापुढे काहीच नव्हतं. कपाटावरचा रिकामा खोका थरथरत होता. हे बिऱ्हाड घरात कुठून आलं, ते त्याला आज कळलं. दोन महिन्यांची झोप ती एका दुपारी वसूल करत होती. त्याला बरं वाटलं, डोळे मिटायला लागले, आणि तेवढ्यात घोरणं थांबलं.

एक. दोन. तीन. त्याने मोजायला सुरुवात केली. सात. आठ. नऊला तो उठला, नळी ताणली गेली, मशीन स्टुलावरून घसरलं ते त्याने एका हातात झेललं, आणि दुसरा तळहात आईच्या नाकाखाली धरला. रबराचा वास येणारा.

आईने घर्रकन श्वास ओढला आणि डोळे उघडले. समोर सोंडवाला मुलगा. "काय करतोस रे?"

"श्वास बघतोय."

"मी जिवंत आहे."

"ते मला कळू दे की."

ती कुशीवर वळली आणि पुन्हा घोरायला लागली. धाकटा चटईच्या कडेला बसून राहिला, मशीन मांडीवर, मास्क तोंडावर. मास्क काढायचा नाही, असं त्याने वहिनीला वचन दिलं होतं. उन्हं उतरेपर्यंत तो बसला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मशीन तपासलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! चार तास अठ्ठावन्न मिनिटं! तो बुजवाबुजवीचा दिवस सोडून, जुनी धरून पाच तास वीस. आणि श्वास एकदाही अडला नाही. एकदाही! पहिल्याच दिवशी असा निकाल मी बघितलेला नाही. झोप कशी लागली?"

"छान लागली," धाकटा म्हणाला. (आईला, हे त्याने सांगितलं नाही.) मग घसा खाकरून तो हळूच म्हणाला, "मॅडम, या नळीला मध्ये एक जोड लावून दोन मास्क काढता येतील का? म्हणजे, जोड मी घरीच..."

मॅडमनी चष्मा काढला. हात पुढे केला.

"आधी खिशातलं सोल्यूशन टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि पॅचसुद्धा."