पाठमोरा डच

कळंबे मास्तरांच्या घरात एकाच माणसाचे फोटो भिंतभर चिकटवलेले होते आणि एकाही फोटोत त्याला तोंड नव्हतं. कुठे पाठ, कुठे वाकलेला खांदा, कुठे नुसते गुडघे आणि हॉकीची काठी. जिथे चेहरा छापून आला होता तिथे मास्तरांनी तो कात्रीने गोल कापून काढला होता. त्या भोकांतून मागची निळी भिंत दिसायची. पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा मी बशी खाली ठेवली.

"कोण हा?" मी विचारलं.

"हॉलंडचा प्लेयर हाय. पेनल्टी कॉर्नर मारावा तर यानंच."

"आणि चेहरा?"

"चेहरा दिसला का तो परका होते, सर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला अजून एक टोस्ट दिला.

मी सौसरचा. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत बदली होऊन पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि मास्तरांच्या शेजारची खोली मिळाली. मास्तर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. हॉकीचे पंच ताकीद द्यायला दाखवतात तशी वहीच्या पुठ्ठ्याची हिरवी-पिवळी कार्डं त्यांच्या खिशात असत. गणिताचे सर उशिरा आले की हिरवं. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर भाषण लांबवलं की पिवळं. गोटमारीच्या जत्रेदिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव दगड भिरकावत असताना हा माणूस लांब उभा राहून "फाऊल, फाऊल" म्हणत शिट्टी फुंकायचा. ऐकतो कोण?

प्रत्येक गोष्टीवर त्यांचा एकच मंत्र होता, "चेंडू नोको पाहू, पाय पाह्य." समोरचा कुठे जाणार ते त्याचे पाय सांगतात म्हणे. मी मुलगी पाहायला निघालो तेव्हाही त्यांनी हेच बजावलं. मी इमानदारीने खाली मान घालून पाय पाहत बसलो. त्या मंडळींनी नकार कळवला.

त्या डचाची सगळी कारकीर्द मास्तरांना तोंडपाठ होती. आधी राखीव, मग संघात कायम, मग कप्तान. नागपूरचा पेपर दुपारच्या गाडीने यायचा, तो मी स्टेशनवरून आणायचो. कोपऱ्यात त्याच्याबद्दल दोन ओळी असल्या तरी मास्तर आतल्या दाराकडे तोंड करून त्या मोठ्याने वाचत. आत त्यांची बायको असायची. कळंबे काकू क्वचितच बोलायच्या. मास्तर वाचायला लागले की आतला भांड्यांचा आवाज थांबायचा.

त्याच्या मॅचच्या दिवशी मास्तर अंगण भिजवायचे. हॉलंडात म्हणे मैदानावर बनावटी गवत असतं आणि खेळायच्या आधी त्याला पाणी देतात. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी, अन् हे बादल्यांवर बादल्या ओतून राहिले. शेजारपाजारचे कपाळाला हात लावत.

इथवर हसू येत होतं. एका हिवाळ्यात मास्तर डावा पाय ओढत शाळेत आले. पडले नव्हते, मुरगळलं नव्हतं, पण गुडघा चांगला सुजला होता. "त्याले लागलं असन," एवढंच म्हणाले. आठवडाभराने पेपरात आलं की त्या डचाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी विज्ञानाचा मास्तर. योगायोग, असं मी मोठ्याने म्हणालो. त्या दिवशी दार मात्र मी उजेड असतानाच लावून घेतलं.

आणि मग ते अंगण. एका दुपारी पेपर द्यायला गेलो तर अंगण नुकतंच भिजवलेलं, ओली माती चकाकत होती. ओट्यालगतच्या तुळशीपासून थेट समोरच्या भिंतीपर्यंत चेंडू गेल्याची सरळ रेघ होती. मंत्र आठवला म्हणून मी पाय पाहिले. आजूबाजूला एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. काकू दारात उभ्या राहून त्या रेघेकडे पाहत होत्या, आणि हसत होत्या.

मी हेडमास्तरांना गाठलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाले ठाऊक नाही? त्यायचा पोरगा होता, गजू. भोपाळले हॉकीच्या निवडीसाठी म्हणून शेजारच्या तिगावहून पॅसेंजरमध्ये बसला. तिकडे पोचलाच नाही. परतबी आला नाही. तवापासून मास्तर असे. लोक म्हणत होते जामसांवलीच्या मारुतीकडे नेऊन आणा. नेलं बी. तिथं रांगेत घुसणाऱ्याले पिवळं कार्ड दाखवून आले."

संध्याकाळी मी मास्तरांना सरळच विचारलं. ते मला ओट्याच्या कडेला घेऊन गेले. दोरी बांधलेला चेंडू काढला, ओट्यावरूनच काठीने टोलवला, आणि हळूच दोरी ओढून मागे घेतला. ओल्या मातीत तशीच रेघ उमटली.

"गजू गेल्यावर हिनं अन्न सोडलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एक दिवस मासिकात रंगीत फोटो आला, हॉलंडवाल्याचा. पाठमोरा, वाकलेला, संत्र्याच्या रंगाचा सदरा. ही म्हणे, हा तर आपला गजू. संत्र्याच्या मुलखातला पोरगा संत्र्याचाच सदरा घालीन ना. त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या तिनं. मंग मी काय करू? चेहरे कापून टाकले. अंगणातली रेघ पाहून ही हसते, म्हणून हा चेंडूबी."

"आणि तुमचा गुडघा?"

"ते मले बी नाही समजलं," मास्तर म्हणाले, आणि गुडघा चोळत बसले. अख्ख्या गावाने वेडा ठरवलेला हा माणूस बायकोला दोन घास जावेत म्हणून वेडा झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. गुडघा पुन्हा दुखावल्यामुळे त्या डचाने खेळणं कायमचं सोडलं होतं. मी स्टेशनपासून घरापर्यंत पेपर घडी घालून काखेत धरला. मास्तरांनी ओट्यावर बसून तो वाचला, पण या वेळी मोठ्याने वाचला नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"आता हिले काय वाचून दाखवू, सर?" ते म्हणाले. "ही जेवीन कशाच्या भरोशावर?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू दारात आल्या.

"काय झालं?"

मास्तरांनी पेपरची घडी घातली. मग खोटं बोलले नाहीत. "त्याचा खेळ सरला, गजूची माय. तो आता खेळत नाही."

काकू वळल्या. परत आत गेल्या आणि बादली भरून घेऊन आल्या. भर दुपारचं ऊन, अंगण तव्यासारखं तापलेलं. त्या दारापासून फाटकापर्यंत पाणी शिंपडत गेल्या.

"आता काहून?" मास्तर म्हणाले. "मॅच नाही म्हणलं ना."

"खेळ सरला म्हणजे घरी येईन ना तो," काकू म्हणाल्या. "बूट ठेवून दिले असतीन त्यानं. पाय भाजतीन त्याचे."

मास्तर उठले, दुसरी बादली घेतली आणि तिच्या मागोमाग शिंपडू लागले. चेंडू ओट्यावर दोरी गुंडाळून तसाच पडला होता, त्याला कोणी हात लावला नाही. मी चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडलो. ओल्या अंगणात मी पाऊल ठेवलं नाही, आणि मागे वळून कोणाची पावलं उमटली का ते पाहिलंही नाही.