श्यामरावकाकाजींची चांदणीवाली नोट

आमचे शेजारी श्यामरावकाकाजी सुटे पैसे मोजत नाहीत, वाचतात.

लाखांदूरच्या बसमध्ये कंडक्टरने नोट परत दिली, की काकाजी खिशातून पितळी भिंग काढतात. कोसा रेशमाच्या कापडातले धागे मोजायचं हे भिंग. हातमागाचा धंदा मुलाकडे, प्रकाशदादाकडे गेला. भिंग तेवढं काकाजींकडे राहिलं. ते नोटेवर टेकवायचं, एक डोळा मिटायचा आणि आकड्यांवरून सरकवत न्यायचं. मागे तिकिटासाठी माणसं खोळंबलेली.

"काकाजी, धडा संपला असंल तर पुढं जाऊ का?" एकदा कंडक्टर वैतागला.

"खर्च सप्पाच करतेत बाप्पा, वाचत कोनी नाही!"

मी फसवणुकीविरुद्ध पत्रकं काढते. 'जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या' असले मेसेज पाठवून गरिबाला लुटणाऱ्यांवर माझं डोकं कायम तापलेलं. त्यामुळे काकाजींचा नोटांचा संग्रह पाहायला गेले ती भांडायच्या तयारीनेच.

"काढा तुमचे लकी नंबर," मी म्हणाले.

"ते भाजीवाल्याले देऊन टाकतो मी. लकी-फिकी काही नसते, पोरी. नंबर वाच, नंबर!"

आणि शाळा भरली. सुरुवातीची अक्षरं म्हणजे नोटेचं घराणं. पुढचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. पाठीमागे, पार खाली, छापल्याचं साल. "आडनाव आहे, जन्मसाल आहे. सोयरिकीले अजून काय लागते?"

मध्येच त्यांनी भिंग कौसल्याकाकींपुढे धरलं. "पाह्य ना, कौसल्या." काकींनी भाकरीच्या पिठाचे हात तसेच ठेवून डोळा लावला, "हाव, मस्त आहे," म्हणाल्या आणि मला हळूच सांगितलं, "मले यातून काहीच दिसत नाही बाई. पन त्याइले बरं वाटते."

अल्बमातल्या सगळ्या नोटांवर अक्षरांच्या नंतर आणि आकड्यांच्या आधी एक चिमुकली चांदणी होती. शंभर नोटांच्या गड्डीत छापताना एखादी नोट बिघडते. तिचा नंबर पुन्हा छापत नाहीत. तिच्या जागी चांदणीवाली ठेवतात. "बदलीवर आलेली," काकाजी म्हणाले. "पन किंमत तीच. एक पैसा कमी नाही."

आणि हीच नोट नकली आहे अशी अफवा आमच्याकडे उठली! कारध्याला मासे विकणाऱ्या सुगंधाबाईंच्या हाती अशी पाचशेची आली. किराणावाला घेईना, पेट्रोलवाला घेईना. बाई रडकुंडीला आल्या. काकाजींनी तिथेच साधी नोट देऊन ती घेतली, वर भाषण दिलं आणि त्यात सुगंधाबाईंच्या दोन गिऱ्हाइकांना पळवून लावलं.

मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं: 'चांदणी म्हणजे खोट नव्हे!' काकाजींनी त्यातल्या नोटेच्या चित्रावर भिंग फिरवलं. "चांदनी आकड्याच्या मांगं कायले टाकली? अफवा तू पसरवून राहिली का लोकं?" सगळी पत्रकं पुन्हा छापावी लागली.

ती घ्यायला प्रेसमध्ये गेले, तर तिथे काकाजी आणि प्रकाशदादा. दादाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. काकाजी कच्च्या छपाईवर वाकलेले. वर ठळक अक्षरांत त्यांचं नाव, शेजारी कै. सौ. शांताबाई. प्रकाशदादाची आई, तो रांगत होता तेव्हाच गेलेली. त्याला वाढवलं ते मागून या घरात आलेल्या कौसल्याकाकींनी. दादा त्यांना अजूनही मावशी म्हणतो.

भिंग खाली सरकत सरकत तळाशी थांबलं. चुलत-मावस पाहुण्यांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत: कौसल्याबाई.

"प्रकाश, हे नाव एवढं बारीक काहून?"

"वर जागाच नव्हती, बाबूजी."

माझ्या तोंडात घोषणा तयार होती. काकाजींनी माझ्याकडे न पाहताच हात वर केला. "तू थांब. इथं पत्रक नोको काढू."

मग ते भाषण विसरल्यासारखे हळू बोलले. "वरतं घे. आजी लिव. अक्षरं सारख्या मापाची."

"मंग आईचं नाव..."

"राहू दे ना. तुह्या मायले कोन काढून राहिलं?" त्यांनी भिंगाची घडी केली, पुन्हा उघडली. "हिले चाळीस वर्सं लोकायनं उजेडात धरून पाह्यलं, खरी का खोटी म्हनून. घरच्या कागदावर तरी नोको."

प्रकाशदादाने तळाच्या बारीक नावावर पेनने काट मारली. मग प्रेसवाल्याला म्हणाला, "आजी. शांताबाईच्या बाजूले. आन जागा पुरली नाही तर माह्यं नाव बारीक करा."

छापलेली पत्रिका घेऊन तो स्वतःच काकींकडे गेला. काकी अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, पत्रिका लांब धरली. काकाजींनी सवयीने भिंग पुढे केलं.

काकींनी ते हलकेच बाजूला सारलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "दिसून राहिलं मले."