एकसारख्या भाजलेल्या पेस्ट्या

बातमी आली तेव्हा घड्याळजी दुकानात डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरले होते. फोन लेकीचा होता. रविवारी तिचे होणारे सासू-सासरे मुलाला घेऊन जेवायला येणार होते. जेवण बाहेरून मागवू या, असं तिचं म्हणणं. सासूबाई मटणाला शिवतही नव्हत्या आणि बापलेकांना मटणाशिवाय घास उतरत नव्हता.

"बाहेरून कशाला? तुझी आई ओव्हनमध्ये त्या मोठ्या करंजीसारख्या पेस्ट्या करायची, तशा मी करतो," घड्याळजी बोलून गेले. (बोलणं आणि करणं यांच्यामध्ये एक अख्खं स्वयंपाकघर असतं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.)

लेक म्हणाली, "बाबा, फक्त सासूबाईंच्या ताटात घोळ नको. बाकी कच्चं राहिलं तरी आम्ही खाऊ."

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ओव्हनमध्ये रिकामे डबे राहत होते.

रविवारी सकाळी डबे बाहेर आले. मदतीला थोरले भाऊ. ते शाळेत ड्रिलमास्तर होते. निवृत्त झाले, पण हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. मैदा आणि लोणी मळून झालं. घड्याळजींनी पाऱ्या पट्टीने मोजून लाटल्या. निम्म्यांत खिमा-बटाटा भरला, निम्म्यांत गाजर-मटार-बटाटा, आणि पारी दुमडून कडेला मुरड घालायला घेतली. केसाएवढी स्प्रिंग बसवणारी ती बोटं, पण मैद्यापुढे त्यांनी हात टेकले. शेवटी बायको काट्याच्या टोकाने वर भोकं पाडायची, हे आठवलं. किती, ते आठवेना. वाफ जायला असतात, म्हणजे जितकी जास्त तितकी बरी, असा विचार करून त्यांनी सढळ हाताने पाडली.

ट्रेमध्ये मटणाच्या डावीकडे, भाजीच्या उजवीकडे. चूक व्हायला जागाच ठेवली नाही. त्या ओव्हनची आच एका अंगाला जास्त, म्हणून निम्मं भाजल्यावर ट्रे फिरवायचा, हेही तिचंच. घड्याळजींनी वेळेवर ट्रे फिरवला आणि निर्धास्तपणे अंघोळीला गेले.

बाहेर आले तर घरभर वास सुटला होता आणि भाऊ फडक्याला हात पुसत समाधानाने उभे होते.

"ट्रे फिरवला रे मी. तू विसरलास."

"दादा, मी फिरवला होता."

"मग परत फिरला. म्हणजे होता तसा झाला, बिघडलं काय?"

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. पण दादा घुटमळत होते. मागच्या काही पेस्ट्या करपतायत असं वाटल्यावरून त्यांनी चिमट्याने त्यांच्या जागाही बदलल्या होत्या.

"कोणत्या बदलल्या?"

"करपट होत्या त्या."

आता एकही करपट नव्हती. सगळ्या सारख्याच सोनेरी, सारख्याच गुबगुबीत. "जन्मभर पोरांच्या रांगा लावल्या," दादा पडेल आवाजात म्हणाले, "पण पोरांना तोंड असतं रे. यांना तोंड कुठाय?"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

पाहुण्यांना थोपवायला दादांना बाहेर पाठवलं. ते त्यांना पाठ ताठ ठेवून बसण्याचे फायदे सांगू लागले. आत घड्याळजींनी पहिली पेस्टी सुरीने उघडली. ती खिम्याची निघाली आणि सुरी बाद झाली. मग प्रत्येकीला नवा चमचा. घड्याळ उघडावं तशी त्यांनी एकेक पेस्टी उघडली, आत डोकावून पाहिलं आणि खिमा एका ताटात, भाजी दुसऱ्या ताटात, अशी वाटणी केली. ताटं बाहेर गेली तेव्हा ऑपरेशन करून टाके घालायचे राहिल्यासारख्या सगळ्या आ वासून पडल्या होत्या.

सासूबाईंनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं.

"उघडून वाढलीत?"

"आमच्याकडे असंच वाढतात," घड्याळजी म्हणाले.

"फार बरं केलंत. परक्या घरी पहिला घास मी देवाच्या हवाली करूनच घेते. इथे आतलं सगळं दिसतंय." त्यांनी दोन खाल्ल्या. नंतर चहात साखर कमी वाटली म्हणून चमचा मागितला. घरात धुतलेला एकही चमचा नव्हता. घड्याळजींचा हात नकळत खिशातल्या बारक्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला आणि तिथेच थांबला. चमचा शोधायला लेक उठली.

सिंकमधला ढीग बघून तिने सगळी हकीकत वदवून घेतली आणि पदर तोंडात कोंबून हसली.

"बाबा, आई भाजीच्या पेस्टीला एक भोक पाडायची आणि मटणाच्या पेस्टीला दोन. लांबूनही ओळखू यायची."

"ती वाफेसाठी नव्हती?"

"वाफेला एकही पुरतं." तिने उरलेल्यांतली एक उचलून न्याहाळली. "हिला अकरा आहेत. हिच्यात काय भरायचं होतं तुम्हाला?"

बाहेर हसण्याचा आवाज आला. लेक एक चमचा विसळून घेऊन गेली. बाकीचे चमचे घड्याळजी विसळत बसले. इतकी वर्षं त्या भोकांतून येणारी वाफ फुंकून त्यांनी पेस्टी खाल्ली होती. त्यांच्या पेस्टीला नेहमी दोनच असायची. का, ते बायकोला विचारायचं राहून गेलं.