अकरावी ‘ब’मधला वारा

हुंग सरांनी रोबोच्या दोन्ही प्रोपेलरांवर तिसरी जाळी बसवली, तेव्हा स्पर्धेला पाच दिवस उरले होते आणि तपासनीस दुपारी दीडला यायचे होते.

"सर, दोन जाळ्यांतूनच डास जात नव्हता," संघाची कप्तान ई-रुन म्हणाली. "आता हवा कुठून जाणार?"

"हवा जाईल. बोट जाणार नाही," सरांनी शेवटचा स्क्रू पिळला.

यंदा स्पर्धेचं मैदान साबणाच्या पाण्याने निसरडं केलेलं असणार होतं. त्यावर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून रोबोच्या मागे कंबरेएवढ्या उंचीवर दोन प्रोपेलर लावायचे आणि वाऱ्याच्या जोरावर तो ढकलायचा, ही कल्पना ई-रुनची. आयोजकांनी होकार दिला, पण तपासनीस शाळेत येऊन बघतील आणि त्यांनी नापास केलं तर थेट घरी, या अटीवर. चांगह्वा जिल्ह्यातल्या, समुद्राकाठच्या त्या तांत्रिक शाळेने अकरा वर्षांत पहिली फेरी ओलांडली नव्हती. यंदा ओलांडू, असं पहिल्यांदाच सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

हुंग सरांना मात्र रात्रंदिवस बोटं दिसत. पहिल्याच दिवशी त्यांनी चालू प्रोपेलरमध्ये एक भलाथोरला पांढरा मुळा घातला होता. मुळा छतापर्यंत उडाला. संघातल्या पो-वेईच्या चष्म्यावर त्याची कोशिंबीर झाली.

"हे तुझं मनगट होतं," सर शांतपणे म्हणाले होते.

तेव्हापासून नियमांना खंड नव्हता. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे. पाती फिरत असताना दोन मीटरच्या आत कुणी जायचं नाही. आगीची भीती म्हणून कार्यशाळेचं दार सताड उघडं, आणि टेबलाशेजारी पाण्याने भरलेली बादली.

"तिसरी जाळी बसली, पण रोबो हलतो का ते बघायला हवं," ई-रुन म्हणाली.

"आत्ता? वामकुक्षी चालू आहे," सर दचकले.

साडेबारा ते एक-दहा सगळी शाळा बाकांवर डोकी टेकून झोपे, आणि त्या झोपेवर शिस्तप्रमुख पेंग बाईंचा पहारा असे. गेल्या महिन्यात पो-वेईच्या हातून हातोडी पडली, तेव्हा बाईंनी बजावलं होतं, "पुन्हा आवाज आला तर कार्यशाळेची चावी माझ्याकडे." त्यात कालपासून शाळेचा ट्रान्सफॉर्मर जळालेला. एसी बंद, पंखे बंद, जूनचा उकाडा. मुलांना झोप लागत नव्हती आणि बाईंचा पारा चढलेला होता.

"सर, दहा सेकंद. अगदी हळू," पो-वेई म्हणाला.

"मोजे घाल," सर म्हणाले.

पो-वेईने मोजे घातले, रिमोटवर अंगठा ठेवला आणि दांडी किंचित पुढे सरकवली. पाती गुणगुणू लागली. रोबो हलला. ई-रुनने आनंदाने पो-वेईच्या पाठीवर थाप मारली. जाड मोज्यांतून रिमोट सुटला आणि डुबुक्कन बादलीत पडला.

रोबो चालतच राहिला.

"थांबव!" सर कुजबुजले.

"रिमोट पाण्यात आहे, सर."

"रिमोट गेला की तो आपोआप थांबतो ना?"

"ते करायचं राहिलंय," पो-वेई म्हणाला. "परीक्षा झाली की करणार होतो."

"मग लाल बटण दाबा!"

ई-रुन रोबोकडे बघतच राहिली. लाल बटण दोन प्रोपेलरांच्या मधोमध होतं, आणि त्याच्यावर तीन जाळ्या होत्या.

"सर, बोट जात नाही," ती म्हणाली.

रोबो सताड उघड्या दारातून माणसाच्या चालीने व्हरांड्यात गेला. पो-वेई त्याला धरायला धावला, तर सरांनी त्याची कॉलर धरली.

"दोन मीटर!"

"सर, नुसता मागून ओढतो. चाळीस किलोचा तर आहे."

"मुळा आठव."

पो-वेईला मुळा आठवला. मग तिघंही शिरस्त्राणं घालून, चवड्यांवर, बरोबर दोन मीटर अंतर ठेवून रोबोच्या मागे निघाले. समोरून वारा लागत होता. मिरवणुकीला फक्त ढोल तेवढे कमी होते.

व्हरांडा सरळ अकरावी ‘ब’च्या मागच्या दारात संपत होता. तिथे आज पहाऱ्याला पेंग बाई स्वतः होत्या.

"चावी गेली," सर पुटपुटले.

रोबो वर्गात शिरला आणि बाकांच्या मधल्या वाटेने पुढे गेला. रोबोच्या पुढच्या फळीला जाड रबर होतं. ते बाईंच्या टेबलाला अलगद टेकलं आणि रोबो तिथेच अडकला. टेबल हलेना, रोबो थांबेना, आणि सगळा वारा मागे, घामाने चिंब झालेल्या छत्तीस पोरांवर वाहू लागला. कुणीतरी झोपेतच मोठा सुस्कारा सोडला. एका मुलीने मान फिरवून दुसरा गाल वाऱ्याकडे केला. बाई टेबलावर डोकं ठेवून होत्या. त्या हलल्या नाहीत.

"बॅटरी किती वेळ चालेल?" सरांनी ओठ न हलवता विचारलं.

"या वेगाने अर्धा तास," पो-वेई म्हणाला.

करण्यासारखं काही नव्हतं. तिघं भिंतीपाशी फरशीवर बसले. ई-रुनच्या डोळ्यांत पाणी आलं. गॉगल असल्यामुळे ते पुसताही येईना.

"माझंच चुकलं," सर हळूच म्हणाले. "मी बोटं जपत बसलो आणि बटण विसरलो."

"मी पाठीत थाप मारली नसती तर..." ई-रुन म्हणाली.

"आणि मी ते काम परीक्षेनंतरवर ढकललं नसतं तर," पो-वेई म्हणाला.

पाच-दहा मिनिटांत मागच्या दारात एक घामाघूम गृहस्थ उभे राहिले. हातात हेल्मेट, गळ्यात आयोजकांचं ओळखपत्र. तपासनीस वेळेआधीच आले होते आणि रिकामी कार्यशाळा पाहून आवाजाच्या मागे मागे इथवर पोचले होते. हुंग सर उठून उभे राहिले आणि ओठांवर बोट ठेवून विनवणीच्या नजरेने बघू लागले. तपासनीसांनी रोबो पाहिला, झोपलेला वर्ग पाहिला. मग शेवटच्या रिकाम्या बाकावर बसून फॉर्म काढला आणि ते लिहू लागले.

थोड्या वेळाने लिहिण्याचा आवाज थांबला. ई-रुनने मान वर करून पाहिलं. तपासनीस फॉर्मवर गाल टेकून गाढ झोपले होते.

एक वाजून पाच मिनिटांनी बॅटरी संपली. पाती फिरायची थांबली आणि वर्गात कढईसारखा उकाडा उतरला. एकेक डोकं वर येऊ लागलं.

"ए, पंखा कुणी बंद केला?"

"अरे, पाच मिनिटं बाकी आहेत अजून!"

"शांत!" पेंग बाई म्हणाल्या. त्यांचं डोकं अजून टेबलावरच होतं. "कुणी बंद केला?"

"बॅटरी संपली, बाई," ई-रुन उठून म्हणाली. "तुम्ही जाग्या होतात?"

"तो टेबलाला टेकला तेव्हापासून," बाई सरळ बसल्या. "महिनाभरात हा वर्ग पहिल्यांदा गप्प झोपला. हुंग सर, चावी."

सरांनी मुकाट्याने चावी त्यांच्या हातावर ठेवली.

तोवर तपासनीस गालावरची शाई पुसत पुढे आले होते. त्यांनी बोटाएवढी लाकडी काठी काढून जाळीत सगळीकडून घालून पाहिली. काठी कुठूनही आत जाईना.

"उत्तम," ते म्हणाले. "आता आणीबाणीचं लाल बटण दाबून दाखवा."

पो-वेईने सरांकडे पाहिलं. सरांनी शिरस्त्राण काढून काखेत धरलं.

"दाबता येत नाही, साहेब," ते म्हणाले. "आणि रिमोट गेला तर यंत्र थांबतही नाही. आज तेच झालं."

"मग नापास," तपासनीस म्हणाले, आणि ई-रुनचा चेहरा पडलेला बघून घाईने पुढे बोलले, "आजच्यापुरतं. बटण मागच्या बाजूला, पात्यांपासून लांब, वेगळ्या दांड्यावर आणा. संपर्क तुटला की यंत्र आपोआप थांबलं पाहिजे. एका दिवसात जमेल?"

"आज संध्याकाळीच करतो," पो-वेई म्हणाला. "परीक्षा गेली खड्ड्यात."

"काय म्हणालास?" बाई गरजल्या.

"अभ्यास करून करतो, बाई."

"मी उद्या पुन्हा येतो. साडेबाराला," तपासनीस म्हणाले.

"साडेबाराला वामकुक्षी असते," बाई ताठपणे म्हणाल्या.

"म्हणूनच." तपासनीसांनी घसा साफ केला. "माणसांच्या गर्दीत यंत्र कसं वागतं, हे नीट बघायला हवं. आणि एवढा मोठा निर्णय मी एकट्याने घेणं बरं दिसत नाही. आणखी दोन सहकाऱ्यांना घेऊन येतो."

पेंग बाईंनी चावी हुंग सरांच्या हातावर परत ठेवली.

"बटण नीट बसवा," त्या म्हणाल्या. "आणि पोरांनो, मागे तीन बाकं रिकामी ठेवा."

तपासनीस हेल्मेट डोक्यावर चढवत दारापर्यंत गेले आणि वळले.

"बाई, उशा आमच्या आम्ही आणू."