कमाल भार दोन किलो

मानवी शरीरात दोनशे सहा हाडं असतात, असं शास्त्र सांगतं. त्यांपैकी एकही हाड मोडेपर्यंत पुरुषाच्या लक्षात येत नाही, हे शास्त्र सांगत नसलं तरी सर्वांना ठाऊक आहे. एकंदरीत पुरुषाच्या हाडांविषयी समाजाचं मत फार चांगलं आहे. ती वडिलांकडून येतात, लोखंडासारखी असतात आणि त्यांना देखभालीची गरज नसते. पुरुषाच्या पोटाविषयीचं मतही असंच उदार आहे. पोट त्याचं दुखतं, दोष मात्र रांधणारीचा असतो.

या सुस्थापित व्यवस्थेला पहिला तडा गेला तो लिफ्टसाहेबांच्या शिंकेने.

लिफ्टसाहेब म्हणजे सरकारी खात्यात चौतीस वर्षं लिफ्टांची तपासणी करून निवृत्त झालेले गृहस्थ. वय सदुसष्ट. शहरातल्या निम्म्या लिफ्टांमध्ये 'कमाल भार : सहा व्यक्ती' या पाटीखाली त्यांची सही होती. आपण आत असताना सातवी व्यक्ती शिरली, तर ते वाद घालत नसत. मुकाट्याने बाहेर पडून जिन्याने जात आणि वर पोचल्यावर नोंद करत. अशा माणसाने एका मंगळवारी सकाळी दोन टोस्ट आणि चार बिस्किटं खाऊन वर्तमानपत्र उघडलं आणि त्यांना शिंक आली. शिंकेपाठोपाठ 'कट्' असा आवाज झाला.

"अहो, काय मोडलं?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही," लिफ्टसाहेब म्हणाले, "मीच."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गॅस असल्याचं सांगितलं. लिफ्टसाहेबांना याचं आश्चर्य वाटलं नाही. गेल्या तीस वर्षांत त्यांना पोटफुगीसाठी गॅस, थकव्यासाठी गॅस, वजन घटल्याबद्दल गॅस आणि एकदा तळपायात येणाऱ्या गोळ्यांसाठीही गॅसच निघाला होता. तीन आठवडे त्यांनी बरगडीतल्या गॅसवर चूर्ण घेतलं. चौथ्या आठवड्यात सुनेने ऐकलं नाही. तिने गाडी काढली आणि सासऱ्यांना दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेऊन बसवलं. तिथे एक्स-रे झाला, रक्त तपासलं, पोटात दुर्बीण गेली. नंतर डॉक्टरबाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं.

"गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकट पदार्थ असतो. तो तुमच्या आतड्याला सोसत नाही. आतडं सुजतं, मग खाल्लेलं कॅल्शियम अंगाला लागतच नाही. हाडं आतून पोकळ होत जातात. बरगडी शिंकेने मोडली ती म्हणून."

"म्हणजे माल रोज येत होता, पण गोदामात उतरत नव्हता."

"बरोबर."

"किती वर्षं?"

"वीस-पंचवीस तरी. कुणी तपासलंच नाही."

लिफ्टसाहेबांनी आतड्याच्या चित्राची घडी करून खिशात ठेवली. पंचवीस वर्षं तपासणी न झालेली लिफ्ट त्यांनी जागच्या जागी सील केली असती.

हाडांची घनता मोजण्याचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथली लिफ्ट बंद होती. (बंद असल्याची पाटी दीड वर्षापूर्वीची होती. पायऱ्या चढल्याने हाडं बळकट होतात, असं जिन्यात लिहिलं होतं. जिन्याला कठडा नव्हता.) वर एक बत्तीस रकान्यांचा फॉर्म भरायचा होता. एकोणिसावा रकाना होता, 'रजोनिवृत्तीचे वय (आवश्यक)'.

"मॅडम, हा रकाना माझ्यासाठी नाही."

"काका, रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नाही."

"मग पुरुष काय भरतात?"

खिडकीवरच्या बाईंनी मनापासून विचार केला. "पुरुष येतच नाहीत हो."

लिफ्टसाहेबांनी हयातीत एकही रकाना रिकामा सोडलेला नव्हता. त्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला, त्यातला जेवढा भाग आपल्याला लागू आहे तेवढा ग्राह्य धरला आणि लिहिलं : अठ्ठावन्न. कॉम्प्युटरने आनंदाने पुढचं पान उघडलं.

आठवड्याने अहवाल आला. 'रुग्णेची हाडे अतिशय ठिसूळ. गुण : उणे तीन पूर्णांक दोन. तिने जपून राहावे.'

"शून्याच्या खालीही मार्क देतात?" बायकोने विचारलं. रुग्णेबद्दल ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून घरातल्या चिमट्याचा, किसणीचा आणि उलटण्याचा पत्ता तिने नवऱ्याला आपणहून सांगायला सुरुवात केली.

चूक दुरुस्त करण्याची पद्धत सोपी होती. तीन प्रतींत अर्ज, ओळखपत्र आणि रजोनिवृत्ती झालेली नसल्याचा स्त्रीरोगतज्ज्ञांचा दाखला. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई गंभीर स्वभावाच्या होत्या. त्यांनी लिफ्टसाहेबांकडे पाहिलं, त्यांच्या मिशीकडे पाहिलं आणि लिहून दिलं, 'अद्याप झालेली नाही.' त्यातल्या 'अद्याप' या शब्दावर बोट ठेवून केंद्राने प्रकरण प्रलंबित ठेवलं आणि झाल्यावर त्वरित कळवावं, असं लेखी कळवलं.

दरम्यान, नोंदीनुसार स्त्री असल्यामुळे, लिफ्टसाहेबांना 'अस्थिसखी मंडळा'च्या बुधवारच्या बैठकीचं पत्र आलं. पत्राने बोलावलं असताना न जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते गेले. खोलीत अकरा बायका खुर्च्यांवर ताठ बसल्या होत्या. अध्यक्ष एक निवृत्त ग्रंथपालबाई होत्या.

"या. पाठ टेकू नका. कुठलं मोडलं?"

"बरगडी."

"कशाने?"

लिफ्टसाहेबांनी मान खाली घातली. "शिंकेने."

कुणी हसलं नाही. एकीचं मनगट बरणीचं झाकण उघडताना गेलं होतं. दुसरीचा मणका खिडकी लावताना दबला होता. तिसरीला तर जांभईचाच इतिहास होता. गॅस हा शब्द दीड तासात एकदाही निघाला नाही. घरी येताना लिफ्टसाहेबांना फार दिवसांनी हलकं वाटलं. (हाडं पोकळ असल्याचा हा परिणाम नसावा.)

घरी मात्र परिस्थिती वेगळी होती. गव्हाला बंदी झाल्याचं कळताच नातेवाइकांचे आपोआप तीन वर्ग पडले. पहिला वर्ग म्हणायचा, हे सगळं हल्लीचं फॅड आहे. दुसऱ्याला ग्लुटेन आणि ग्लुकोज एकच वाटत असल्यामुळे तो साखर लपवायचा. तिसरा वर्ग सर्वांत धोकादायक, कारण त्याचं प्रेम होतं. या वर्गात आक्का एकटीच होती.

पण आक्काआधी नातीचं सांगायला हवं. डॉक्टरबाईंनी एक कागद दिला होता : वाकू नये, घसरू नये, दोन किलोंपेक्षा जास्त उचलू नये. नात दोन वर्षांची होती आणि अकरा किलोंची. रोज संध्याकाळी दार उघडलं की ती दोन्ही हात वर करून उभी राहायची. लिफ्टसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांवर कमाल भाराच्या पाट्या लावल्या होत्या. ती पाटी अंगावर कशी वागवायची, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

"आजोबा, वर!"

"आजोबांची लिफ्ट बंद आहे, बाळा."

"कधी चालू?"

हा प्रश्न त्यांना चौतीस वर्षं शेकडो लोकांनी विचारला होता आणि प्रत्येकाला त्यांनी तारखेनिशी उत्तर दिलं होतं. आज ते नुसते खुर्चीत बसले. नात थोडा वेळ हात वर धरून उभी राहिली, मग कंटाळून मांडीवर चढायला लागली. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा पोचली.

तर आक्का. आक्का एकोणऐंशी वर्षांची, लिफ्टसाहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा या धाकट्या भावाला तिनेच भरवून मोठं केलं होतं. नातीच्या वाढदिवसाला ती आली, केक कापून झाला आणि तिने एक तुकडा उचलला.

"आक्का, नको. मला चालत नाही."

"एवढासा आहे."

"एवढासाही नाही चालत."

"लहानपणी माझ्या हातचं सगळं खायचास," आक्का म्हणाली. तिचा हात हवेतच राहिला.

सून पुढे झाली, मुलगा "आक्का, अगं" म्हणाला, बायकोने डोळ्यांनी खुणावलं. लिफ्टसाहेबांना नियम ठाऊक होता, आणि नियम मोडणाऱ्यांविषयीचं स्वतःचं मतही ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वेळा पोटात कळ आली. पाच वेळा ते वेळेत पोचले. सहाव्या खेपेस घाईने धावताना पायपुसण्यावरून घसरले, हात टेकला आणि उजवं मनगट गेलं.

प्लास्टर झाल्यावर आक्का आली. बिछान्याशेजारी बसली. रडली नाही, माफी मागितली नाही. तसला रिवाज थोरल्या बहिणींत नसतो. तिने पिशवीतून भिंग काढलं आणि शेजारच्या टेबलावरचं एकेक पाकीट, डबा, औषधाची बाटली उचलून त्यात गहू आहे का ते बारीक अक्षरांतून वाचत गेली. पाण्याच्या बाटलीवरचंही वाचलं. मग भाताचा घास चमच्यात घेतला.

"यात काय आहे?" लिफ्टसाहेबांनी विचारलं.

"भात. मी समोर उभं राहून करून घेतलाय. गप खा."

त्यांनी खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं ते मनगटाच्या कळेमुळे, असं त्यांनी सुनेला सांगितलं. (सुनेने तशी नोंद केली.)

प्लास्टर निघेपर्यंत ग्रंथपालबाईंनी केंद्राला सहा पत्रं लिहिली होती, की हाडं पुरुषांनाही असतात. केंद्राने सूचनेचं स्वागत करून फॉर्म सुधारला. आता त्यात रकाना एकोणीस 'अ' होता : 'पुरुष असल्यास, पत्नीच्या रजोनिवृत्तीचे वय (आवश्यक)'. अविवाहितांना बहिणीचं चालणार होतं. या सुधारणेला अनुसरून मंडळाने पुरुषांसाठी केंद्रातच मोफत तपासणी शिबिर ठरवलं आणि पुरुषांना बोलावण्याचं काम लिफ्टसाहेबांवर सोपवलं. त्यांच्या वसाहतीत पंचावन्न वर्षांवरचे त्रेचाळीस पुरुष होते. लिफ्टसाहेब टेप आणि वही घेऊन प्रत्येकाच्या दारी गेले. अठ्ठावीस जणांनी आपली हाडं उत्तम असल्याचं सांगितलं. (पैकी चौघांनी ते खुर्चीचा हात धरून, दोन प्रयत्नांत उठून सांगितलं.) आठ जण म्हणाले, हा बायकांचा आजार आहे. पाच जणांनी बायकोला पाठवतो म्हणून कबूल केलं. एक जण झोपला होता.

शेवटचं दार निवृत्त व्यायामशिक्षकांचं होतं. छाती पुढे काढून त्यांनी दार उघडलं. त्यांच्या पँटची टोकं दोनदा दुमडलेली होती आणि तरीही टाचेखाली येत होती.

"सर, उंची किती?"

"पाच फूट नऊ. कॉलेजपासून."

लिफ्टसाहेबांनी त्यांना भिंतीशी उभं करून मोजलं. पाच फूट सात भरली.

"तुमची टेप आखडलीय," सर म्हणाले.

"टेप सरकारी आहे. आणि पँट?"

"हल्लीचे शिंपी. माप एक घेतात, शिवतात भलतंच. तीन शिंपी बदलले."

"सर, मणके एकेक करून दबले की उंची कमी होते. दुखतंच असं नाही. माझीही हाडं अशीच गेली. एकदा या."

सरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग त्यांनी छाती पुन्हा पुढे काढली. "बघू," ते म्हणाले, आणि पँट सावरत आत गेले.

शिबिराला सव्वीस बायका आल्या. सर आले होते. बायकोची पर्स धरून ते तीन तास जिन्यात उभे राहिले, वर आले नाहीत. लिफ्टसाहेब दोनदा खाली जाऊन आले. दोन्ही वेळा सरांनी हवेविषयी चर्चा केली. शेवटी अहवाल लिहिणं आलं. तपासलेले पुरुष : शून्य. दोष आढळलेले पुरुष : शून्य. निष्कर्षाच्या रकान्यापाशी लिफ्टसाहेब थांबले, आणि तो रिकामा ठेवायचा नसल्यामुळे त्यांनी लिहिलं, 'सदर परिसरातील पुरुषांची हाडे मजबूत असून शिंपी बेभरवशाचे आहेत.'

हा निष्कर्ष अन्य परिसरांनाही लागू असल्याने वाचकांनी चिंता करू नये. जे पुरुष वाचक हे पान बायकोपुढे सरकवण्याच्या बेतात आहेत, त्यांनी ते खुशाल सरकवावं. आणि ज्यांची नजर हे वाचता वाचता स्वतःच्या पँटच्या टोकाकडे गेली, त्यांनी ती लगेच वर घ्यावी. तुमचाही शिंपीच चुकलेला आहे.