डोमाजींची गोड द्राक्षे

जी चूक एकाने केली तिला आळस म्हणतात आणि जी तीन पिढ्यांनी केली तिला रीत म्हणतात. पवनारजवळची डोमाजींची बाग दुसऱ्या प्रकारात मोडत होती. तिथे खत घरचे, बी घरचे आणि अक्कलही घरचीच. (बाहेरची एकदा आली होती, पाहुणचार घेऊन परत गेली.)

बागेचे भूषण म्हणजे आजोबांनी लावलेला द्राक्षांचा मांडव. आजोबांनी वेलाची छाटणी कधी केली नाही, म्हणून वडिलांनीही केली नाही. त्यामुळे पाला उदंड येई आणि द्राक्षांना चिमण्याही शिवत नसत. (डोमाजींच्या मते हा घराण्याचा धाक.) घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेने पहिल्या हंगामात सर्वांसमोर एक मणी खावा आणि 'गोड' म्हणावे, असा दंडक होता.

थोरला मुलगा हरिदास छाटणीसाठी हटून बसला होता. वेल असाच राहिला तर मरेल, असे त्याचे म्हणणे. डोमाजींनी न्यायाने सांगितले, घरातल्या एकानेही आंबट म्हटले तर कैची मी स्वतः हाती देईन.

चौपन्न साली त्याची बायको कांता मांडवाखाली बसली. ती आर्वीकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. फळाबद्दल खोटे बोलणे तिला ठाऊक नव्हते. तू खरे ते सांग, मी पाठीशी आहे, असे हरिदासने तिला बजावले होते.

मणी फुटला. तिचे दात आंबले.

"आंबट हायेत, मामाजी."

डोमाजी मुळीच रागावले नाहीत. त्यांनी फेरतपासणी जाहीर केली. सासूबाई देवकाबाईंनी सवयीने डोळे मिटून 'गोड' म्हटले. मग हरिदासची पाळी आली. त्याचा एक डोळा मिटला, जबडा वाकडा झाला.

"गोडच हायेत, बाबा."

द्राक्षे गोड आणि सून अजून नवी, असा निर्णय झाला. कैची खुंटीवरच राहिली.

"काऊन असं केलं तुमी?" कांताने नंतर विचारले. तिला रडू आवरत नव्हते.

"बाबाच्या तोंडावर कसं म्हनू? पुढच्या साली म्हनतो."

पुढच्या साली धाकट्या दिराची नवरी मणी तोंडात घेऊन बसली आणि तिने मोठ्या आशेने जावेकडे पाहिले. कांताने पदर सावरला.

"गोड हायेत बाई. गीळ."

वाचकांना कांताचा राग आला असेल, तो योग्यच आहे. घोसात अजून मणी शिल्लक आहेत. एक तोंडात टाका, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहा आणि कसा लागला ते मोठ्याने सांगा.